अस्मानी नव्हे, सुलतानी!

हवाई बेटांतील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, जिथे गिरणी नाही, रहदारी नाही आणि वारा थेट महासागरावरून येतो, तिथे १९५८ च्या मार्चमध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग या रसायनशास्त्रज्ञाच्या यंत्राने हवेतला कार्बन डायऑक्साइड पहिल्यांदा मोजला, तेव्हा तो दर दहा लाख रेणूंमागे ३१३ भरला. २०२५ च्या मे महिन्याची तिथली सरासरी ४३० च्या वर गेली. वाफेच्या इंजिनांनी कोळसा गिळायला सुरुवात केली त्याआधी हा आकडा २८० च्या आसपास होता. आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून राहिलेले जुन्या हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या आठ लाख वर्षांत, म्हणजे मनुष्यप्राणी आजच्या रूपात अवतरला त्याच्या कितीतरी आधीपासून, या आकड्याने तीनशेची पायरी ओलांडली नव्हती. हिमयुगे आली आणि सरली, समुद्र शेकडो फूट उतरले आणि चढले, पण ही मर्यादा सुटली नाही. ती सुटली कारखानदारीच्या काळात, आणि त्यापुढची बहुतेक वाढ गेल्या सत्तर वर्षांतली.

या नोंदवहीचे ज्यांना भय वाटते त्यांनी आता वहीवरच हात टाकला आहे. अमेरिकेच्या सरकारने २०२६ च्या वित्तीय वर्षासाठी अंदाजपत्रकाचा जो प्रस्ताव मांडला, त्यात मौना लोआच्या वेधशाळेचा खर्चच छाटून टाकला. रोग्याचा ताप उतरत नाही म्हणून तापमापक जमिनीवर आपटणाऱ्या वैदूला खेड्यातली माणसेही वेशीबाहेर काढतील. इथे तर पृथ्वीवरील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प २०२५ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि हवामानबदल ही जगाशी झालेली सर्वांत मोठी लबाडी आहे असे छातीठोकपणे सांगून, टाळ्यांची वाट पाहून, खाली उतरले. लबाडी झाली आहे हे आम्हालाही मान्य आहे. ती कोणी केली, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम हे स्पष्ट असू द्या की या विषयात शास्त्र नवे नाही, कोवळे नाही आणि वादग्रस्त तर मुळीच नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटून तीन वर्षे झाली होती आणि सत्तावन्नच्या समराला वर्षभराचा अवकाश होता, त्या १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली, आत तापमापक बसवले, आणि कर्बवायूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने, भरलेले नळकांडे बाकीच्यांहून अधिक तापते व सावलीत आणल्यावरही फार उशिरा निवते हे पाहून लिहून ठेवले की या वायूचे वातावरण पृथ्वीला लाभले तर ती अधिक उष्ण होईल. तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णतेचे किरण किती शोषतात याची मोजमापे मांडली. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला की हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. आजचे संगणक हा आकडा काहीसा खाली आणतात, दिशा मात्र तीच सांगतात. म्हणजे लोकमान्यांना राजद्रोहाची पहिली शिक्षा होण्याच्या आदल्या वर्षी हे गणित छापून तयार होते.

आणि गणित तरी किती साधे! सूर्याचा प्रकाश हवेतून आरपार खाली येतो. तापलेली जमीन आणि समुद्र ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने परत आकाशाकडे सोडतात. हवेतला ९९ टक्के भाग असलेल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनला त्या किरणांशी काहीही देणेघेणे नसते, पण तीन अणूंचा कर्बवायूचा रेणू ते किरण पकडतो, थरथरतो आणि त्यांतले काही पुन्हा खाली फेकतो. हा व्यवहार मुळीच नसता तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली अठरा अंश असते, आणि हा मजकूर लिहायला किंवा वाचायला कोणी उरले नसते. म्हणूनच 'हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेला वायू काय करणार' असे मोठ्या शहाणपणाचा आव आणून विचारणाऱ्या पंडितांना आम्ही एवढेच सांगतो की तेवढ्याच वायूच्या बळावर तुम्ही गोठून गेलेला नाहीत.

सूर्यच तापला असेल, अशी दुसरी पळवाट. उपग्रहांनी सूर्य चार दशकांहून अधिक काळ मोजला आहे, तो तापलेला नाही. शिवाय सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते, प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचे थर थंड होत आहेत. ज्वालामुखींचे नाव घ्यावे, तर जगातले सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या शंभराव्या हिश्शाइतकाही कर्बवायू सोडत नाहीत. आणि हवेतला हा वाढीव कर्ब आला कुठून, हेही झाकून राहिलेले नाही: कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेल्या कोळशा-तेलात किरणोत्सारी कर्ब-१४ शिल्लक उरत नाही, आणि तो ज्या वनस्पतींपासून बनला त्यांच्यामुळे कर्ब-१३ ही कमी असतो, हवेत या दोहोंचे प्रमाण नेमके तसेच पातळ होत गेले आहे. चोराने आपल्या बोटांचे ठसे हवेच्या प्रत्येक घोटात सोडले आहेत.

आता चोराकडे वळू. १९७७ च्या जुलैमध्ये एक्सॉन या तेलकंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी कंपनीच्या वरिष्ठांपुढे उभे राहून सांगितले की खनिज इंधने जाळल्याने पृथ्वीचे हवामान बदलत आहे. कंपनीने ते थट्टेवारी नेले नाही. १९७९ मध्ये तिने आपल्या एका महाकाय तेलवाहू जहाजावर कर्बवायू मोजण्याची यंत्रे बसवली, हवा आणि समुद्र यांच्यातली देवघेव मोजली, स्वतःचे संशोधक कामाला लावले. आणि १९८२ मध्ये, कंपनीबाहेर वाटू नये अशा सूचनेसह फिरवलेल्या टिपणात असा आलेख काढला की २०२० च्या सुमारास हवेत कर्बवायू दहा लाखांत साधारण ४२० असेल आणि पृथ्वी सुमारे एका अंशाने तापलेली असेल. २०२० साली तो ४१४ भरला. तापमानवाढही त्यांनी म्हटले तितकीच झाली. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी या कंपनीची जुनी भाकिते प्रत्यक्षाशी ताडून पाहिली तेव्हा ती विद्यापीठांतल्या भाकितांच्या तोडीस तोड अचूक निघाली. शेल कंपनीचा गोपनीय अहवाल १९८८ चा. आणि पुढल्याच वर्षी उत्तर समुद्रातला आपला नवा वायू-मंच बांधताना तिने समुद्र चढणार हे गृहीत धरून त्याची उंची वाढवली. आपली पोलादी मालमत्ता बुडू नये म्हणून ज्यांनी शास्त्रावर विश्वास ठेवला, त्यांनी जगाला मात्र शास्त्र अजून कच्चे आहे असे सांगायला माणसे पोसली.

माणसे पोसली हा शब्द आम्ही जपून वापरतो. १९८९ मध्ये तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' नावाची एक टोळी उभी केली. तिच्याच तांत्रिक सल्लागारांनी १९९५ मध्ये अंतर्गत मसुद्यात लिहिले की हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया पक्का आहे, तो नाकारता येत नाही. आणि तीच टोळी बाहेर वर्षानुवर्षे त्याविषयी शंका पेरत राहिली. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये, क्योटो परिषद दोन महिन्यांवर आली असताना, एक्सॉनचे प्रमुख ली रेमंड यांनी बीजिंगमध्ये आशियाई राष्ट्रांपुढे भाषण केले आणि पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा थंड झाली आहे असे धडधडीत असत्य सांगून, इंधनावर निर्बंध घालू नका, असा उपदेश केला. १९९८ मध्ये अमेरिकेतील तेलकंपन्यांच्या संघटनेत एक योजना शिजली. तिच्यात यशाची कसोटी अशी ठरवली होती की सामान्य नागरिकाला हे शास्त्र अनिश्चित वाटू लागले म्हणजे आपण जिंकलो. ज्यांच्या कपाटात निश्चिती कुलूपबंद होती, त्यांनी बाजारात अनिश्चिती विकली. औषध देतो सांगून विष विकणाऱ्याला कायदा फासावर नेतो. या लोकांना भागधारकांनी बोनस दिला.

आणि शंका विकून थकले तेव्हा त्यांनी अपराधच वाटून टाकला. २००४ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमने लोकांना आपापली 'कार्बन पाऊलखूण' मोजण्याचे साधन दिले आणि जाहिरातींचा असा धुरळा उडवला की तेलाच्या विहिरी खोदणारा बाजूला राहिला आणि पंखा चालू ठेवून झोपणारी गृहिणी आरोपी ठरली. आमच्या शाळांत मुले आज चित्रे काढतात: नळ बंद करा, दिवा मालवा, पिशवी घरून न्या. मुलांच्या त्या निरागस श्रद्धेला आमचा नमस्कार असो; पण बीडच्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात एकुलता पंखा घरघरत असतो, त्या पंख्याला पृथ्वीच्या तापाचा जाब विचारणारा माणूस निलाजरा आहे.

सरकारे तरी काय करीत होती? परिषदा भरवीत होती. रिओ १९९२, क्योटो १९९७, कोपनहेगन २००९, पॅरिस २०१५; ठराव झाले, छायाचित्रे निघाली, विमाने परत उडाली. कोपनहेगनला श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना २०२० पासून दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचा शब्द दिला, तो त्यांच्याच हिशेबानुसार २०२२ मध्ये पहिल्यांदा पुरा झाला, आणि त्यातही मोठा वाटा मदतीचा नव्हे, कर्जाचा. म्हणजे ज्याने घर जाळले त्यानेच पत्रे विकत घ्यायला व्याजाने पैसे दिले. आणि याच २०२२ साली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी सांगतो, जगातल्या सरकारांनी खनिज इंधनांवर सरळसरळ १.३ लाख कोटी डॉलरची अनुदाने उधळली. २०२३ ची परिषद दुबईत भरली आणि अध्यक्षस्थानी अबुधाबीच्या सरकारी तेलकंपनीचा प्रमुख बसला. २०२४ ची बाकूत भरली आणि यजमान राष्ट्राध्यक्षांनी तेल-वायू ही ईश्वराची देणगी आहे असे उद्घाटनातच सांगितले. २०२५ ची ब्राझीलमधल्या बेलेममध्ये, ॲमेझॉनच्या तोंडाशी भरली आणि तिच्या अंतिम ठरावात खनिज इंधन हे शब्दच आले नाहीत. आगीवर विचार करायला जमलेल्या सभेने आगीचे नाव घ्यायचे नाही असे ठरवले. त्या वर्षांतले २०२४ हे मोजमापे सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष. कारखानदारीपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले कॅलेंडर वर्ष. दीड अंशाच्या आत राहण्याचा प्रयत्न करू, असा पॅरिसचा संकल्प होता.

आमच्या वाचकांना हे आकडे परके नाहीत. त्यांनी ते अंगावर सोसले आहेत. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. म्हणून पाऊस पडत नाही तेव्हा जमीन अधिक कोरडी पडते, आणि पडतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापला आणि त्यातली वादळे संख्येने आणि जोराने वाढली, हेही त्याच संस्थेचे संशोधन. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा मुळासकट झोपवल्या. सुपारीचे झाड उभे करायला जी वर्षे लागतात ती नुकसानभरपाईच्या कोणत्याच तक्त्यात बसत नाहीत. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि महाडजवळच्या तळियेवर डोंगर येऊन ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीने धाराशिव-सोलापूरची शेते खरडून नेली. पीक तर गेलेच, पण ज्या मातीत पुढचे पीक घ्यायचे ती मातीही गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. प्रत्येक पुराचे खापर एकट्या कर्बवायूवर फोडता येत नाही हे आम्ही जाणतो. ओढे बुजवणारे बिल्डर, डोंगर पोखरणारे ठेकेदार आणि त्यांना परवाने देणारे अधिकारी यांचा वाटा आम्ही विसरलेलो नाही. पण फासे कोणी भारले, हे आता शास्त्राने सांगितले आहे.

आणि मंत्री बांधावर येतात. पायजमा वर खोचतात, चिखलात छायाचित्र काढून घेतात, महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की नाही याची तलाठ्याकडे चौकशी करतात, आणि हात आकाशाकडे करून म्हणतात: अस्मानी संकट आहे, निसर्गापुढे कोणाचे चालते! आम्ही या उद्गाराचा धिक्कार करतो. आमच्या पूर्वजांनी अस्मानी आणि सुलतानी अशी संकटांची दोन खाती नीट वेगळी ठेवली होती, कारण पहिल्याला सोसायचे असते आणि दुसऱ्याशी झगडायचे असते. जे एक्सॉनच्या कार्यालयात १९८२ साली आलेखावर काढून ठेवले होते, त्याला अस्मानी म्हणणे हा शेतकऱ्याचा दुसऱ्यांदा केलेला घात आहे.

खारघरचे १६ एप्रिल २०२३ आठवावे. राज्य सरकारने स्वतः भरवलेला समारंभ, भर दुपार, व्यासपीठावर मान्यवरांवर छत, आणि लाखोंच्या श्रद्धाळू समुदायावर उघडे आभाळ. उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या मैदानावर छत कुठे संपले आणि ऊन कुठे सुरू झाले, ती रेषा सगळ्या जगाच्या हवामान-राजकारणाची रेषा आहे. उष्णतेच्या लाटेला अधिसूचित आपत्तींच्या यादीत घ्या, ही राज्यांची मागणी पंधराव्या वित्त आयोगाने मान्य केली नाही. पुरात वाहून गेलेला माणूस सरकारला दिसतो. नाक्यावर कामाची वाट पाहत भोवळ येऊन पडलेला गवंडी दिसत नाही.

आमच्या दिल्लीतल्या राज्यकर्त्यांचा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे आणि त्याचा अर्धा भाग आम्ही छातीठोकपणे मांडू: भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू सोडतो, अमेरिकी माणूस चौदा, आजवर हवेत साचलेल्या कर्बवायूचा चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, तेव्हा आम्हाला उपदेश करण्याचा अधिकार वॉशिंग्टनला नाही. बरोबर. परंतु ही दोन टनांची सरासरी ज्या गरिबांच्या अंधाऱ्या झोपडीमुळे खाली राहते, त्याच गरिबाच्या आडून कोळशाच्या खाणींचे लिलाव करणे, वर्षाच्या एकूण उत्सर्जनात देश जगात तिसरा झाला असता २०७० चा वायदा करून मोकळे होणे, आणि ज्या चिखलात कर्ब पिढ्यान्‌पिढ्या कोंडून राहतो ती मुंबईची खारफुटी रस्त्यांसाठी आणि गाड्यांसाठी हजारोंनी तोडायला परवानगी मागणे, हे देशाभिमान नव्हे. हा गरिबाच्या नावावर चाललेला श्रीमंताचा व्यापार आहे. चंद्रपूरचा माणूस मे महिन्यात जगातल्या सर्वांत तप्त गावांपैकी एकात राहतो, महाऔष्णिक केंद्राची राख श्वासात घेतो, आणि त्या विजेवर वातानुकूलित होणारी दालने मुंबईत असतात.

कर्बवायूला विस्मरण नाही. आज धुराड्यातून सुटलेल्या वायूचा सुमारे पाचवा हिस्सा हजार वर्षांनीही हवेत असेल. म्हणून उद्या बघू म्हणणारा प्रत्येक सत्ताधीश केवळ आपल्या पाच वर्षांची नव्हे, अजून न जन्मलेल्या तीस-चाळीस पिढ्यांची लूट करीत आहे.

आमचा निवाडा झाला आहे, आणि तो आता आमचा एकट्याचा राहिलेला नाही. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी, माळढोकाच्या प्रकरणात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांतून निघणारा नागरिकाचा हक्क आहे असे सांगितले. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या आणि वानुआतू या चिमुकल्या राष्ट्राने पुढे रेटलेल्या मागणीवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने मत दिले की हवामानाचे रक्षण करणे ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे. अमेरिकेतीलच व्हरमाँट राज्याने, पुरात बुडाल्यानंतर, तेलकंपन्यांकडून नुकसानीचा खर्च वसूल करण्याचा कायदा २०२४ मध्ये केला. आणि पेरू देशातल्या हुआराझ गावच्या एका शेतकऱ्याने, डोक्यावरचे हिमसरोवर वितळत्या बर्फाने फुगत चालले म्हणून, जर्मनीतील आरडब्ल्यूई या वीजकंपनीवर दावा लावला. जगाच्या उत्सर्जनात तिचा जितका वाटा, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, तेवढाच खर्च त्याने मागितला. दहा वर्षे तो लढला. २०२५ च्या मेमध्ये हाम येथील न्यायालयाने त्याच्या घराला तातडीचा धोका सिद्ध होत नाही म्हणून दावा फेटाळला, पण मोठ्या प्रदूषकाला परक्या देशातल्या नुकसानीसाठी कायद्याने जबाबदार धरता येते, हे तत्त्व निकालात लिहून ठेवले.

अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्याला जे साधले ते सीनाकाठच्या शेतकऱ्याला अशक्य नाही. शेतकरी संघटनांनी, जिल्ह्याजिल्ह्यातल्या वकील मंडळींनी आणि विधिमंडळातल्या ज्या कोणाला अजून लाज शिल्लक असेल त्या सदस्यांनी एकत्र यावे. खरडलेल्या जमिनीचे, झोपलेल्या बागांचे आणि उन्हाने मेलेल्या मजुरांचे पंचनामे तहसील कचेरीच्या कपाटात सडू न देता गोळा करावेत. आणि भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा आपल्याच खिशातून, न मागता ती ज्यांनी जाणूनबुजून हे घडवले त्या कंपन्यांकडून आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या सरकारांकडून मागावी. पुरावा मौना लोआवर आहे, कबुली आरोपीच्याच कागदांत आहे. महाराष्ट्राने फिर्याद दाखल करावी.